कुंदाचा जोराचा चेंडू

कुंदा गेल्याचं तिच्या भावानं दारातच सांगितलं. त्याला आता महिना होत आला. तिच्या सासरहून, वणीहून, तो थेट माझ्याकडे आला होता. काविळीनं गेली... मी त्याच्यावरच खेकसले, "आधी का नाही कळवलंत?" बिचारा खाली मान घालून उभा. माझा तिरसट स्वभाव कुंदाला ठाऊक होता, त्याला कुठून असणार?

सत्तरच्या दशकात आम्ही दोघी नाशकात सॉफ्टबॉल खेळायचो. ती पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. मी कॅचर, बॅटवालीच्या मागे उकिडवी बसून तो झेलणारी. पंचवटीपलीकडे त्यांचा फुलांचा मळा होता. पहाटे झेंडू तोडून ती मैदानावर यायची, त्यामुळे चेंडूलाही झेंडूचा वास. कमरेखालून हात फिरवून टाकायची, पण काय वेग! बॅटवालीला कळायच्या आत चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये थाडकन बसायचा. असे तीन हुकले की स्ट्राइकआउट, बॅटवाली बाद. त्या मोसमात जिल्ह्यात जिचे स्ट्राइकआउट सगळ्यात जास्त, ती राज्याच्या संघात जाणार होती. कुंदा पुढे होती, मालेगावची एक पोरगी तिच्या पाठोपाठ. घरात कुंदाच्या लग्नाचं चाललेलं. वडील म्हणाले होते, "राज्याकडून खेळलीस, तर वर्षभर थांबतो."

शेवटच्या मॅचला माझा डावा अंगठा सुजून टम्म झाला होता. ग्लोव्ह जुना, आतली भर पार झिजलेली. मी कुणाला बोलले नाही, कारण तिचा चेंडू झेलायला दुसरं कुणी तयारच नसायचं. पहिले काही चेंडू दातओठ खात झेलले. मग एकदा कुंदा माझ्याकडे नुसती बघत राहिली... आणि पुढचा चेंडू अलगद आला. त्यानंतरचेही तसेच. बॅटवाल्या आरामात मारायला लागल्या. मॅच आम्ही कशीबशी जिंकलो, पण स्ट्राइकआउटमध्ये मालेगावची पुढे गेली.

मी मैदानातच तिच्यावर तुटून पडले. "अगं बावळट, मी काय मरत होते का? गेली ना तुझी जागा!"

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "आधी अंगठ्याला हळद लाव."

ग्लोव्ह मात्र घरी घेऊन गेली. माझी सूज उतरली, तिचं लग्न ठरलं, आणि एका सकाळी ती मला बोलवायला आली. ग्लोव्हच्या आत जुन्या गोधडीचा तुकडा, बारीक टाके घालून शिवलेला. "चल, बस आता," म्हणाली. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. त्या दिवशी पोरीनं जीव तोडून टाकलं. एकेक चेंडू असा, की कुणाच्या बापाला मारता आला नसता! मोजायला कुणी नव्हतं. मी झेलत होते आणि रडत होते. तिला वाटलं, अंगठाच दुखतोय.

"हळू टाकू का गं?"

"खबरदार!" मी ओरडले.

मला तिची फार आठवण येते. परवा तो ग्लोव्ह काढला. चामडं कडक झालंय, पण गोधडीचा एकही टाका उसवलेला नाही. हात आत घातला, अंगणात उकिडवी बसले आणि ग्लोव्ह पुढे धरला.

"टाक गं कुंदे," म्हटलं. "जोरात टाक."