पहिली सही माझी

आमच्या कॉलनीत कुठलाही अर्ज निघाला की सह्यांच्या यादीतली पहिली ओळ माझ्यासाठी मोकळी ठेवतात. नळाला पाणी नाही, घंटागाडी येत नाही, शाळेसमोरचा दिवा बंद आहे, कशाचाही अर्ज असो. बायका कागद घेऊन येतात, चहा पितात, मी पहिल्या ओळीवर सही करते आणि मग खाली बाकीच्यांच्या सह्या होतात.

हा मान मला आडव्या बाटलीने मिळवून दिला. जळगावच्या आमच्या भागात शाळेच्या रस्त्यावरच देशी दारूचं दुकान होतं. आम्ही बायकांनी सह्या गोळा केल्या, सरकारकडून मतदान लावून घेतलं. उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान राहू दे, आडव्या बाटलीवर शिक्का म्हणजे बंद करा. आडवी बाटली निवडून आली. त्या सगळ्यात पुढे मी होते, आणि माझ्या खांद्याला खांदा लावून मागच्या गल्लीतली माझी मैत्रीण होती. तिचा नवरा त्याच दुकानापायी गेला होता. मी भाषणं ठोकायचे, पण घरोघरी जाऊन दारं ठोठावली ती तिने. खरी मतं तिची होती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

हे सांगितल्याशिवाय पुढचा माझा मूर्खपणा कळणार नाही.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंना नागीण झाली. डाव्या बरगडीखालून पाठीपर्यंत पट्टा उठला. फोड सुकले, खपल्या पडल्या, सगळे म्हणाले सुटल्या. पण दुखणं राहिलं. त्या जागेला पोलकं लागलं तरी त्या कळवळत. पाठ टेकता येईना, म्हणून भिंतीपासून वीतभर पुढे पाट टाकून बसून राहत. डुलकी लागली की मान पडे, अंग हले आणि कळ उठे. ऐंशीच्या घरातली बाई, उभ्या जन्मात कधी कुरकुरली नाही, ती मला म्हणाली की आता पुरे झालं. गोळ्यांनी नुसती गुंगी यायची, दोनदा तोल जाऊन पडल्या. शेवटी एका वैद्यबाईंकडे नेलं. त्यांनी तपासून तेलाचे थेंब लिहून दिले आणि मला स्पष्टच सांगितलं की हे भांगेच्या पानापासून करतात, औषधात याला विजया म्हणतात, कायद्याने चालतं, पण चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

भांग म्हटल्यावर मला आधी आडवी बाटली आठवली. सासूबाईंना काही वाटलं नाही. त्यांच्या माहेरी बैलाला हगवण लागली की तोच पाला देत.

"बैलले चालस, मंग माले कसाले नई?" एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला.

औषध मिळायचं आमच्याच कोपऱ्यावर. तिथे आयुर्वेदिक औषधांचं दुकान आहे. दुकानदार भाऊ मारवाडी, आजोबांच्या काळात राजस्थानातून आलेलं घर, बोलतात मात्र आमच्यासारखंच. वयाने माझ्याहून मोठे असून मला अक्का म्हणतात. माणूस सज्जन, पण आवाज असा की पलीकडच्या इस्त्रीवाल्यालाही हिशेबात धरावं लागतं. मी चिठ्ठी घडी करून पुढे सरकवली. त्यांनी ती उलगडली, चष्मा लावला आणि म्हणाले, विजया होय, आहे ना! काउंटरवर त्रिफळा घ्यायला आलेल्या दोघींनी मान वळवली. मी उगाच च्यवनप्राश मागितला. अजून तो डबा घरात पडून आहे, कोणी खात नाही.

भाऊंनी वहीत सासूबाईंचं नाव लिहिलं, वय लिहिलं, वैद्यबाईंचा नंबर लिहिला. मूळ चिठ्ठी ठेवून घेतली आणि मला झेरॉक्स दिली. सगळं इतकं रीतसर, की मला लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी मी बाटली पदराखाली घेऊन घरी आले आणि हिंगाच्या डब्यामागे ठेवली. सासूबाईंना बजावलं की कोणाला सांगायचं नाही. माझ्या मैत्रिणीलासुद्धा नाही. ती रोज दुपारी त्यांच्याजवळ येऊन बसायची. दोघी अहिराणीत तासभर बोलायच्या. माझ्या माहेरी ती बोलत नसत, मला समजते पण जिभेवर बसत नाही. तो एक तास सासूबाईंचा स्वतःचा असायचा.

थेंब सुरू होऊन आठवडा झाला असेल. एके सकाळी मी चहा घेऊन गेले तर सासूबाई कुशीवर झोपलेल्या. घाबरून मी नाकाशी हात धरून पाहिला. श्वास चालू होता. चहा गार झाला, मी तिथेच बसून राहिले आणि मला रडू आलं. किती महिन्यांनी ती बाई झोपली होती.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि भाऊंना जाहिरातीची दुर्बुद्धी सुचली. कंपनीने पाठवलेला कागद त्यांनी दुकानाच्या काचेवर चिकटवला. त्यावर हे भलंमोठं हिरवं पान आणि खाली "विजयायुक्त औषधे येथे मिळतील". मी त्यांना दोनदा सांगितलं की भाऊ, तो कागद काढा. ते हसले. म्हणाले, कायद्यात आहे, चोरी थोडीच करतो? तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्या पानाचा फोटो काढून बायकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आपल्या कोपऱ्यावर गांजा विकतात, शाळेची पोरं तिथूनच जातात. झालं. आगीत तेल ओतायला आमच्याकडे माणसं कधी कमी पडत नाहीत. संध्याकाळपर्यंत अर्ज तयार.

दुसऱ्या दिवशी दुपारी सातआठ जणी ओसरीत आल्या. पहिली ओळ मोकळी होती. मी म्हटलं, आधी वाचू तरी द्या, चौकशी करू, औषध असेल. एक जण म्हणाली, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर झालं. माझ्या मैत्रिणीने पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. आत सासूबाई थेंबांची वाट बघत बसल्या होत्या, त्यांची वेळ झाली होती. मला एवढंच म्हणायचं होतं की हे औषध माझ्या घरात आहे. एक वाक्य. शेकडो बायकांपुढे माईक धरून बोललेली मी, माझ्याच ओसरीत मला ते वाक्य फुटलं नाही.

मी सही केली. ठळक, नेहमीसारखी, खाली रेघ ओढून.

संध्याकाळी आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. तुझी सही, तूच निस्तर, म्हणाले. पंचवीस वर्षांच्या संसारात हा माणूस कधी चुकीचं बोलत नाही, याचाच मला फार संताप आहे.

बायका अर्ज घेऊन दारूबंदीच्या कचेरीत गेल्या. मी गुडघा दुखतो म्हणून टाळलं. तिथल्या साहेबांनी सांगितलं की हे आमच्या खात्यात येत नाही, ते औषध आहे, परवाना आहे, यावर बाटलीचं मतदान होत नसतं. सांगताना ते हसले. ते हसणं बायकांना झोंबलं. त्या तडक भाऊंच्या दुकानात गेल्या आणि तोच अर्ज काउंटरवर ठेवला. भाऊंना कायदा दाखवता आला असता. पण त्यांना रोज याच बायकांना काढे आणि चूर्णं विकायची आहेत. त्यांनी पान काढलं आणि उरलेल्या बाटल्या कंपनीला परत पाठवल्या.

मला हे कळलं ते दुसरी बाटली आणायला गेल्यावर. दुकानात कोणी नव्हतं. भाऊंनी गल्ल्याखालून अर्जाची प्रत काढली आणि माझ्यापुढे ठेवली. पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले.

"अक्का, पहिली सही तुमची आहे. आता मी कुठल्या अक्काचं ऐकू, सांगा."

मी घरी आले. बाटलीत बोटभर तेल उरलं होतं. मी चार थेंबांचे दोन केले. सासूबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. दोन दिवसांनी पाट परत भिंतीपासून पुढे सरकलेला दिसला.

मग मी धुळ्याला निघाले. तिथे हे औषध ठेवणारं दुकान आहे असं वैद्यबाई म्हणाल्या होत्या. सकाळची एसटी, एरंडोल, पारोळा, प्रत्येक थांब्यावर भरत जाणारी. घराच्या कोपऱ्यावर मिळणाऱ्या वस्तूसाठी मी अडीच-तीन तास खिडकीच्या गजाला धरून चालले होते आणि मनातल्या मनात सगळ्या कॉलनीला शिव्या देत होते. भाऊंच्या पानाला, ग्रुपवर फोटो टाकणारीला, हसणाऱ्या साहेबांना. स्वतःचा नंबर मी पारोळ्यापर्यंत येऊ दिला नाही.

धुळ्याच्या दुकानात काउंटरवर एक तरुण बाई होती. औषध होतं. मला कपाटात दिसत होतं. तिने चिठ्ठी मागितली, मी झेरॉक्स दिली. ती म्हणाली, मूळ चिठ्ठी लागेल. मूळ चिठ्ठी भाऊंच्या फायलीत. मी समजावलं, मग आवाज चढवला, वय काढलं, सासूबाईंचं दुखणं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, नियम मोडून दिलं तर उद्या हेच औषध बंद करायला लोक येतील." तिचं बरोबर होतं म्हणून मी आणखी भडकले आणि रिकाम्या हाताने स्टॅंडवर आले. शहाण्या माणसाने आधी फोन केला असता.

परत आल्यावर मी घरी न जाता मैत्रिणीकडे गेले. ती मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. वैद्यबाई, चिठ्ठी, मोजून थेंब, सासूबाईंची झोप, हिंगाचा डबा. सही करताना मी खोटी वागले, तेही सांगितलं. ती निवडत राहिली. मान वर न करता म्हणाली, "त्या बी हाईच सांगेत. पाठ दुखस, औसद शे."

त्या म्हणजे तिचा नवरा. मी घाईघाईने म्हटलं, अगं, ते वेगळं, हे वेगळं. हे तोलूनमापून आहे, सरकारचा परवाना आहे.

"त्या दुकानले बी लायसन व्हतं," ती म्हणाली.

फरक आहे, मला माहीत आहे, तो मी आजही कोणालाही समजावून देऊ शकते. पण जिचं घर बसलं होतं तिच्यापुढे, सही करून आठ दिवसांनी, तो फरक मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? हाच फरक ओसरीत सांगितला असता तर तिने कदाचित ऐकला असता. तिला औषधाचा राग नव्हता. मी तिच्यापासून लपवलं आणि तिच्या हातून पेन घेतलं, याचा होता. ती उठून मेथी धुवायला गेली आणि बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंकडे गेले. ते म्हणाले, मागवतो, पण मला लेखी द्या. मी तिथेच स्टुलावर बसून लिहिलं की माझ्या सासूबाईंना नागिणीच्या दुखण्यावर हे औषध लागतं, वैद्यांच्या चिठ्ठीने मी ते घेते, आणि अर्जावरची माझी सही मी मागे घेते. खाली नाव, घर नंबर. भाऊंनी तो कागद काउंटरच्या काचेखाली ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असा.

कॉलनीत आठ दिवस माझ्यावर तोंडसुख घेऊन झालं. मग एकीने जावेकडून निरोप पाठवून वैद्यबाईंचा पत्ता मागवला, तिच्या आईलाही तसंच दुखतं म्हणून. अर्जावर तिची सही सातवी होती. मी पत्ता दिला, पण गोड बोलले नाही. आता अर्ज माझ्याकडे येत नाहीत. घंटागाडी परवापासून आलेली नाही, बघू कोण लिहितं.

बाटली आली. मी पुन्हा चार थेंब सुरू केले आणि सासूबाई झोपू लागल्या. पाट उचलून मी माळ्यावर टाकला.

मैत्रीण मात्र येत नाही. भाजीच्या गाडीवर दिसली तर भाव विचारते आणि निघून जाते. पहिले काही दिवस सासूबाई दुपारी दाराकडे बघत आणि "उनी का ती?" म्हणून ती आली का ते विचारत. मी सांगून टाकलं की ती लेकीकडे दोंडाईच्याला गेली आहे, लेकीचं बाळंतपण आहे. आणखी एक खोटं. त्यांनी मान हलवली, माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

काल दुपारी थेंब घेऊन त्या आडव्या झाल्या. पांघरूण घालून मी निघाले तर त्यांनी माझा हात धरला.

"ती उनी ना, ते माले उठाडजो," त्या म्हणाल्या. "मी निजेल ऱ्हायनू तरी बी उठाडजो."