महिनाभराच्या बोलीवर

आमच्या खात्यात मासिक बैठकीला चार माणसं जमली, की कामाची चर्चा अर्धा तास आणि किस्से दोन तास! रजिस्टरमध्ये 'शेरा' नावाचा बोटभर रुंदीचा रकाना असतो. त्यात काय डोंबल मावणार? उरलेलं डोक्यात साठतं आणि चहा आला की बाहेर पडतं.

मी परिवीक्षा अधिकारी होते. ज्या मुलाला घर नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, त्याला कुठं ठेवायचं याची चौकशी करायची. नातेवाइकाकडे, सांभाळायला तयार असलेल्या कुटुंबात, की बालगृहात? अहवाल मी द्यायचा, निर्णय बालकल्याण समितीचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून दहा-बारा वर्षं शिरूर आणि दौंड हे तालुके माझ्याकडे होते. शिरूरकडच्या आमच्या छोट्या बालगृहात अधीक्षक कदम सर आणि स्वयंपाकाच्या हिराबाई.

* * *

दौंड जंक्शनवर सापडलेलं एक पोरगं. हवालदारानं विचारलं, तुझं स्टेशन कुठलं? "कुर्डुवाडी." हवालदार त्याला घेऊन कुर्डुवाडीला गेला. तिथं कुणी ओळखेना. परत आणलं तर म्हणतो, "मनमाड." मनमाडची वारी झाली. तिसऱ्यांदा "गुलबर्गा" म्हणाला, तेव्हा हवालदारानं माझ्यापुढे हात जोडले.

चौथ्या दिवशी हिराबाईंनी गरम भाकरी वाढता वाढता गाव विचारलं, तर चटकन खरं सांगितलं. भांडगाव! दौंडहून जीपनं तासाभराच्या आत. तिकडे त्याची आई रडून रडून अर्धी झालेली.

मी चिडून विचारलं, "आधी का नाही बोललास?"

"भांडगावला ठेसनच न्हाई, मॅडम."

* * *

ज्या मुलाची जन्मतारीख माहीत नाही, त्याची आमच्याकडे एक जून लिहायची पद्धत. शाळा उघडायच्या आत वय बसतं ना!

शिरूरच्या एका बाईंना प्रत्येक मुलाच्या वाढदिवसाला केक आणायचा होता. कदम सरांनी यादी दिली. बत्तीस नावं, बत्तीस वेळा एक जून. बाईंना वाटलं, टाइप करणाऱ्याची चूक.

शेवटी त्या एक जूनला एकच भलामोठा केक घेऊन आल्या. मुलं रांगेत उभी. तर हिराबाई पदराला हात पुसत पुढे.

"माझी बी तीच तारीख हाय. मला बी कापू द्या."

कदम सर हळूच त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले!

* * *

कुटुंबात मूल द्यायचं, तर आधी गृहचौकशी. तळेगाव ढमढेरेला एका घरी गेले. काचेचं शोकेस, त्यात प्लॅस्टिकची द्राक्षं आणि एक हात तुटलेली बाहुली. पंधरा दिवसांनी त्याच आळीतल्या दुसऱ्या घरी गेले. तेच शोकेस, तीच द्राक्षं, तीच बाहुली!

मी नुसतं कपाटाकडे बघितलं. घरमालक ओशाळून म्हणाले, "मॅडम, बरं झालं तुम्ही दोन्ही घरं येकाच दिशी घेतली न्हाईत."

मी दोन्ही अहवालांत लिहिलं, 'शेजाऱ्यांचे चांगले सहकार्य आहे.' दोन्ही घरांना मुलं मिळाली.

* * *

बिरू आणि जनी ही भावंडं. धनगराची. आई वारलेली, बाप कुठं गेला ते माहीत नाही. आमच्याकडे दहा वर्षांपर्यंतचीच मुलं ठेवता येत. दहा झाली की मुलगा एका संस्थेत, मुलगी दुसऱ्या. जनी तर भाऊ दिसला नाही की जेवायची नाही.

वय ठरवायला दोघांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दात बघितले, मनगटं बघितली आणि विचारलं, "थोरल्याचे दहा लिहिले तर?"

"त्याला पुण्याला पाठवावं लागेल. धाकटी इथंच."

"मग नऊ," डॉक्टर म्हणाले. "दातांवरून वर्षभर इकडं-तिकडं होतंच."

एक वर्ष मिळालं. त्या वर्षात दोघांना ठेवून घेणारं घर शोधायचं होतं.

* * *

वर्ष संपत आलं तेव्हा त्यांचा चुलता म्हस्कू सापडला. मेंढरं मोडून आता शेती करणारा. बायकोसकट समितीपुढे आला आणि सरळ म्हणाला, "पोराला न्हेतो. पोरगी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. आमाला तीन हायेत."

बाहेर बाकावर जनी बिरूचा शर्ट मुठीत धरून बसलेली. मला तर म्हस्कूला दोन शब्द सुनावावेसे वाटले.

अध्यक्षांनी काकीला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

बाई खाली बघत म्हणाली, "सायेब, मेंढी बी दुसरीचं कोकरू घेत न्हाई. लाथ मारती."

कदम सर एरवी समितीपुढे तोंड उघडत नसत. पण त्यांनी विचारलं, "मग आई मेलेल्या कोकराचं काय करता तुम्ही?"

"मेंढीचं पाय धरून पाजावं लागतं."

"किती दिवस?"

"आठ-पंधरा दिस. मग तिची तीच घेती."

अध्यक्षांनी पेन उचललं. "तुम्हाला आम्ही महिना देतो. दोघांनाही न्या. नाही जमलं तर दोघांनाही परत आणा."

* * *

महिन्यानं मी पाठपुराव्याला गेले. नियमाप्रमाणे मुलांशी एकटीनं बोलायचं असतं, म्हणून जनीला गोठ्यामागे नेलं आणि फॉर्म काढला.

"जेवायला मिळतं?"

"व्हय."

"शाळेत जातेस?"

"व्हय. दादासंगं."

"काही तक्रार?"

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "काकी रागावती."

माझं पेन थांबलं. "कशावरून?"

"शाळंतनं यायला उशीर झाला की. पार वढ्यापतुर येऊन हुबी ऱ्हाती, आन् मंग रागावती."