आकाशातून दिसलेलं शेत

मारुंजीत आमच्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायची. ती हिंजवडीत नोकरीला होती. बदली झाली, निघताना तिने माझ्या हातात साबणाच्या वडीएवढी एक डबी ठेवली. "वहिनी, हा कॉम्प्युटर आहे. टीव्हीला जोडा, मोबाईलचं नेट द्या, की झालं."

मला ती थट्टाच वाटली. बाहेरून बी.ए. करत होते मी, मोबाईलवर धडे वाचून डोळे चुरचुरायचे, हे तिला माहीत होतं. तिने स्वतः वायरी जोडून दिल्या आणि आमच्या जुन्या टीव्हीवर एक निळा पडदा उजळला.

मग दुपारची जेवणं उरकली की मी खिडकीचा पडदा ओढून अभ्यासाला बसायची. पंख्याची घरघर, अर्धवट अंधार, टीव्हीचा निळसर उजेड. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मागे खाटेवर पडलेले असायचे. शेत विकल्यापासून त्यांच्या दुपारी रिकाम्या झाल्या होत्या. तिथे आता सोसायटीचे टॉवर उभे होते, आणि त्या रस्त्याने जायचं ते टाळायचे.

एकदा भूगोलाच्या धड्यासाठी मी आकाशातून टिपलेला नकाशा उघडला. सहज आमचं गाव शोधलं. मामंजी उठून बसले.

"थांब! मागं घे जरा. ती आपली हीर हाय."

खरंच, विहीर होती. काळा गोल ठिपका. शेजारी आंब्याची सावली, बांध, चार वाफे. चित्र शेत विकण्याआधीचं होतं. मामंजी टीव्हीजवळ गेले आणि त्यांनी बोटाने बांधावरून चालायला सुरुवात केली. "हितं ओल टिकायची. हितं तुझा नवरा पडला हुता, दात पडला त्याचा." त्यांचं बोट सरकत राहिलं आणि मीही त्या शेतातून हिंडत राहिले. लग्नानंतर मी तिथे मोजून चार वेळा गेले असेन.

त्यानंतर रोज दुपारी ते शेतावर जायचे. माऊस धरायला शिकले. हात थरथरला की सगळं गाव भिंगरीसारखं फिरायचं, मग हसायचे.

काही महिन्यांनी नकाशा उघडला तर विहीर नव्हती. नवं चित्र आलं होतं. राखाडी छपरं, मोटारींच्या रांगा, एक निळं पोहण्याचं टाकं. मी घाईने बंद करायला गेले, पण त्यांनी हात धरला.

"राहू दे. हायेच की ते तितं." त्यांनी त्या निळ्या टाक्यावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "बाईचं गाव दाव. धरणापल्याडचं."

बाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. मी धरणाचं पाणी ओलांडलं, डोंगराची घडी ओलांडली, आणि पायऱ्यापायऱ्यांची हिरवी भातखाचरं दिसली. मामंजींनी फोन लावला. स्पीकरवर आत्याबाईंचा आवाज आला, मागे वारा घोंघावत होता.

"कुटं हायेस?"

"खाचरात. का?"

"मला दिसतंय तुझं खाचर. वरनं."

"व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "मग मी हात हालवते, बघ हां!"

ते चित्र कधी काढलेलं, कुणास ठाऊक. मी चित्र आणखी मोठं केलं. मामंजी टीव्हीला नाक लावून त्या हिरव्यात शोधत होते.

"दिसले का रं दादा?"

"दिसलीस की," ते म्हणाले. "पदर सांभाळ, लई वारं हाय तितं."

दोन दिवसांनी ते एसटीने बहिणीकडे गेले आणि लावणी उरकेपर्यंत परतलेच नाहीत.