चुन्याची लकीर

"ए बुढी, पहले मुंह ढांक."

माह्या तोंडातून रगत गळत होतं. समोरचा दात पडला होता, तो मी पदराच्या गाठीत बांधला होता. अन् पटेल म्हणे, मुंह ढांक.

कोरोनाचे दिवस. गावाच्या रस्त्यावर आडवा बांबू लावला होता. बाहेरचा आत नाई, आतला बाहेर नाई. बांबूजवळ निंबाखाली पटेल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसे, संग दोन-चार माणसं. सरपंच त्याची बायको, पण तिले त्या बांबूजवळ कोनी पाह्यलं नाई. सरपंचकी हाच करे. हयातभर मी त्याच्या बांधीत धानाचा रोवना केला, चिखलात वाकून. माहं नाव त्याले माहीत होतं. बुढी म्हणे.

मी म्हटलं, "पटेल, बांबू उचला. मले रामपायलीले भावाकडं जाऊ द्या. बुढा मारते."

"मारते तर आज काय नवीन मारते?" एक जण म्हणे. "म्हातारपणी नवरा घरी राह्यला, खुश राह न बाई. लोकाइच्या नशिबात नसते."

हासले. फडक्यामागं तोंड दिसत नाई, पण पोट हालते ते दिसते.

पटेल हासला नाई. तो कायद्यानं बोलला. "बांबूबाहेर पाय टाकला तर गावात घेनार नाई. शाळेत कोंडीन, दोन हप्ते. समझी? जा घरी."

मी पदर तोंडाले लावला अन् घरी आली. मागून पंचायतच्या गाडीवरचा भोंगा वरडत होता, "घर में रहें, सुरक्षित रहें."

माहा बुढा नागपूरले मिस्त्री होता. दिवाळीले येये, होळीले येये. मार बी सणावाराचाच होता. करंज्यासंग मार, पुरणपोळीसंग मार. तो गेला का हळद लावायची अन् कामाले निघायचं. बाकी वरीसभर घर माहं. अशी जिनगी काढली. त्याले मी संसार म्हणत होती.

मंग तिकडचं काम बंद पडलं अन् बुढा पायी पायी गावाले आला. बाहेरून आला म्हणून त्याले शाळेत ठेवलं. फाटकासमोर कोतवालानं चुन्याची लकीर ओढली. कोतवाल म्हणजे गावचा चौकीदार, वाळलेला माणूस, हातात एक काठी. आतल्यानं का बाहेरच्यानं, लकीर वलांडली तर जेल, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. मी रोज डबा लकीरीवर ठेवत होती अन् मागं सरकत होती.

एक दिस वरणात मीठ राह्यलं. बुढ्यानं डबा फेकला. मले शिव्या देल्ल्या, माह्या मेलेल्या मायले देल्ल्या. हात उचलून धावत आला. अन् लकीरीशी थांबला.

थांबला.

पांढरा चुना. फुंकला तर उडून जाईन. त्याच्या आंगठ्यापुढं पडला होता. बुढ्याचा हात वरच होता, पण पाय पुढं टाकला नाई. "आज वाचली," म्हणे. "मले घरी येऊ दे."

मी सांडलेला भात वेचत होती. हात वेचत होते, डोकं दुसरीकडं होतं. याले थांबता येते? सासू हयातभर सांगे, "त्याचा सोभाव गरम हाय बाई, राग आला का त्याले समजत नाई." मी बी तेच धरून बसली होती. समजते. त्याले चांगलं समजते. आजवर आडवी फक्त मी होती, म्हणून तो थांबला नाई.

दोन हप्ते सरले अन् बुढा घरी आला. दारूची दुकानं बंद होती, पण मोहाची झाडं बंद नव्हती. सकाळी मी मोहफुलं वेचून आणत होती, वारासिवनीचा बाजार उघडला तर विकू म्हणून. तो त्याचीच दारू काढे. मी वेचलेलं फूल मलेच मारे. आता सणाची गरज राह्यली नव्हती. भाजी लागली, मार. पोराचा फोन आला नाई, मार. पयले मी वरडली तर शेजारीण तरी धावत येये. आता खिडकीतून म्हणे, "दूर राहा लागते न बाई."

त्या दिवशी मी म्हटलं, फुलं देत नाई. त्यानं टोपलीसकट मले भितीवर घातलं. तो दात तवाचा.

बांबूवरून परत आली, तवा शेजारणीनं खिडकीतूनच फोन लावून देल्ला. भाऊ म्हणे, "बाई, आता नको येऊ. घरात लहान लेकरं हायेत. हे सरू दे." त्याचं बी खोटं नव्हतं. पण माह्यासाठी कुठंच दार राह्यलं नाई.

मंग पटेलाचं बोलणं डोक्यात फिराले लागलं. शाळेत कोंडीन. सारं गाव त्या शाळेले भेये. मले तिथं चुना दिसला.

सकाळी मी गेली. सगळे बसले होते. बांबूखालून वाकली अन् बाहेर निघाली. डांबरावर उभी राह्यली. मंग वळली, वाकली, परत आत.

"ए बुढी! क्या कर रही है?"

"बाहेर गेलती, पटेल. आता टाका शाळेत."

"पागल झाली का? जा घरी!"

"कशी जाऊ? तुमीच बोलले, सगळ्याइसमोर. मले रोग लागला असंल. मले घरी धाडलं अन् गावाले लागला, तर तुमच्या नावानं लागंल."

अन् मी खोकलली. मुद्दाम. पदर न लावता.

पटेल खुर्ची घेऊन मागं सरला. सगळे सरले. माह्या भेवानं कोनी मागं सरलं, असं मी पयल्यांदा पाह्यलं.

शाळेत फळ्याखाली चटई टाकली अन् भरदुपारी झोपली. लगन झाल्यापासून एक कान उघडा ठेवून झोपत होती. तो कान त्या दिवशी मिटला. कोतवालीण डबा ठेवाले आली, म्हणे, "बुढीमाय, एकटीले भेव नाई लागत?"

म्हटलं, "एकटीले कायचं भेव वं?"

बुढा आला. "चाल घरी. भात कोण रांधते?"

"ज्याले भूक लागली तो."

हात उचलला. मी उठली अन् लकीरीपाशी जाऊन बसली, हातभर दूर. त्याच्या डोळ्यात पाहत राह्यली. कोतवाल जेवाले गेलता, कोनीच नव्हतं. तरी बुढ्यानं वलांडली नाई. रोगाले भेते, जेलले भेते. बायकोले भेत नाई. मले समजलं, आता काय कराचं हाय.

दोन हप्ते सरले. कोतवाल म्हणे, "चाल माय, सुटली."

म्हटलं, "सुटली नाई. मले डबडंभर चुना दे."

आवासचं घर सरकारनं माह्या नावानं देल्लं हाय. भितीवर रंगानं नाव लिहलं हाय. मले वाचता येत नाई, पण कुठं हाय ते माहीत हाय. बुढा मोहाखाली गेलता. मी त्याची कथरी, त्याचे कपडे, त्याचं मडकं, सारं बाहेर अंगणात ठेवलं. उंबऱ्यापुढं लकीर ओढली. विळा घेतला. तो आला तवा मी दुसरा हात भितीवरच्या माह्या नावावर ठेवला.

"वलांड," म्हटलं.

शेजारी दारात येऊन पाहत होते. बुढा सांजपावतर उभा राह्यला. मंग कथरी उचलून भावाच्या पडवीत गेला. अजून तिथंच हाय. कधी पिऊन येते, शिव्या देते. लकीरीच्या तिकडून देते. त्या राती मी विळा उशाशी घेते. पोरगं फोनवर म्हणते, "माय, बाबाले हाकललं, लोक काय म्हणतीन?" लोक काय म्हणतात ते मी बांबूजवळ आयकलं हाय.

रोग गेला. बांबू निघाला. लकीर पाण्यानं धुते, मी परत ओढते. आता गावात कोण्या घरातून बाईचं वरडणं आलं का मी डबडं घेऊन निघते. "चुनेवाली निघाली," म्हणून पोट हालवतात. हालवू द्या. मी तिच्या दारात लकीर ओढते अन् तिच्यासंग आत बसते, विळा मांडीवर घेऊन. आतून म्हणते, "वलांडून दाखव."

तोंडाले पदर लावत नाई.