पन्नासावा पक्षी

आता तुमच्यापासून काय लपवायचं? थापा मी आयुष्यात पुष्कळ मारल्या. जुन्नरपासून बेल्ह्यापर्यंत माझ्या थापा चहाबरोबर बिस्किटं खपावीत तशा खपतात. पण सगळ्यात मोठी फजिती झाली ती एकदा मनापासून खरं बोललो तेव्हा!

जुन्नरच्या जरा बाहेर आमचं घर. मागे परसबाग, कुंपणापलीकडे दत्तूभाऊंची द्राक्षं. पेरूखाली मी पाण्याचं पसरट भांडं ठेवलं, एक कॅमेरा घेतला आणि येईल त्या पाखराचा फोटो काढून वहीत नाव लिहायला लागलो. शिंपी आला, तांबट आला, धोबी आला, खाटीकही आला. अहो, बागेत आठवडे बाजारच भरला की! मोजता मोजता एकोणपन्नास झाले.

कॉलेजात पक्षी शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. त्या म्हणाल्या, "काका, पन्नास करा. तुमच्या एकट्याच्या फोटोंचं प्रदर्शन लावू. फक्त प्रत्येक पक्षी खरा हवा हं!"

म्हणजे माझी कीर्ती तिथपर्यंत पोचली होती. ते मला लागलं. ठरवलं, एकदा तरी लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे.

मध्ये आठ दिवस मुलीकडे पुण्याला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत गच्चीवर गेलो आणि ब्रश तोंडातच राहिला. द्राक्षबागेवर भलामोठा तपकिरी पक्षी! पंख पसरलेले, फडफड नाही, हवेत एका जागी तरंगतोय!

"सुमन! गरुड!"

"चहा गार होतोय," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज.

तीन दिवस मी निरीक्षण केलं. वहीत लिहिलं, 'वारा सुटला की वर येतो. वारा पडला की शेवरीच्या झाडांमागे उतरतो. पंख हलवत नाही. स्वभाव अत्यंत संयमी.'

हसताय? हसा. चष्मा मी मुलीकडेच विसरून आलो होतो, एवढं मात्र लक्षात ठेवा.

फोटो मॅडमना पाठवले. त्यांचं उत्तर आलं, 'नुसता काळा आकार दिसतोय. रविवारी येऊन बघते.' म्हणजे रविवारपर्यंत गरुड टिकायला हवा! मी तडक कुंपणाशी गेलो.

"दत्तूभाऊ, जरा हळू बोला. आणि फवारणीचा ट्रॅक्टर दोन दिवस बंद ठेवा. वर गरुड आहे."

दत्तूभाऊंनी वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग मिशीतल्या मिशीत म्हणाले, "आसं व्हय? कवा आला म्हनायचा?"

"मी पुण्याला होतो तेव्हा आला असणार."

"बराबर, तवाच आला. म्या सोता बघितला की येताना! खातो काय वो ह्यो?"

"उंदीर, साप. कदाचित इथंच घरटं बांधेल."

"बांधू द्या, राव. आंडी घातली तर येखादं आमाला बी द्या."

किती समजूतदार माणूस! ट्रॅक्टर खरोखर बंद राहिला. वस्तीवरची पोरंसोरं चवड्यावर चालायला लागली. मोटारसायकलवाले आमच्या घरापाशी गाडी बंद करून ढकलत न्यायचे आणि कुजबुजून विचारायचे, "निजला का गरुड, भाऊ?"

मला भरून आलं. अखेर गावानं माझ्यावर विश्वास ठेवला होता!

रविवारी मॅडम दुर्बीण घेऊन आल्या. बांधावर दत्तूभाऊंसकट दहा-पंधरा माणसं गोळा झालेली. मॅडमनी दुर्बीण डोळ्याला लावली. काढली. काचा पुसल्या. पुन्हा लावली.

"काका," त्या अगदी हळू म्हणाल्या, "याच्या पोटाला दोरी आहे."

तेवढ्यात वारा पडला. गरुडानं नाक खाली केलं आणि तो बांबूच्या टोकाला धुतलेल्या सदऱ्यासारखा लोंबकळला.

बांधावर हशाचा असा स्फोट झाला की माझ्या बागेतले उरलेसुरले पक्षीही उडाले.

"आवो मॅडम, कापडाचा पतंग हाय त्यो!" दत्तूभाऊ डोळे पुसत म्हणाले. "पाखरांनी द्राक्षं खाऊ न्हाईत म्हनून बेल्ह्याच्या बाजारातनं आनलाय म्या. आन् भाऊ मला म्हनत्यात ट्रॅक्टर बंद कर! आमी बी म्हनलं, चालू द्या, मजा येतीया. भाऊ, आजवरच्या थापांत ही लई भारी व्हती, राव!"

म्हणजे बघा, मी फसलोय हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं! मी ताबडतोब कॉलर सारखी केली. "मग? कशी वाटली?"

मॅडमही हसल्या. "कलाकार आहात, काका. प्रदर्शन एकोणपन्नासचंच लावू. पण आता तेही मी एकेक तपासून घेणार."

चला, तेवढ्यावर निभावलं, म्हणून छाती काढून घरात आलो. सुमन भाजी निवडत बसली होती.

"थाप होती म्हणे."

"मग! तुला काय वाटलं?"

"काही नाही. मग तीन दिवस पहाटे उठून गच्चीवर मटणाचे तुकडे कुणासाठी ठेवत होतात? ते खाऊन दत्तूभाऊंची मांजर केवढी फुगलीय बघा."

मी खिडकीबाहेर पाहिलं. गरुड बांबूला तसाच लोंबकळत होता. त्याच्या पाठीवर एक बुलबुल आरामात बसला होता, चोचीत दत्तूभाऊंचं द्राक्ष धरून.

म्हणजे अख्ख्या शिवारात त्या पतंगाला फसलेला प्राणी एकच. आणि तो वहीत नोंदवायचा राहून गेलाय.