उजव्या कानातली शीळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मित्रांना नाही, कानाच्या डॉक्टरांनाही अर्धंच. आणि जिला सांगायचं होतं ती सुमन — माझी धाकटी बहीण — गेल्या महिन्यात गेली. मग आता कशाला? ठाऊक नाही. सावकाश लिहितो आहे. मधेच थांबलो तर चालवून घ्या.

माझ्या उजव्या कानात शीळ वाजते. बारीक, एकसारखी, किटलीतलं पाणी उकळायच्या आधी जशी येते तशी. कितीतरी वर्षं झाली, एक क्षण थांबलेली नाही. रस्त्यावरच्या आवाजात ती बुडते, खोलीत शांतता झाली की वर येते. म्हणून मी घरात सतत काहीतरी लावून ठेवतो. भिंतीवरच्या खुंट्यांना पाच हेडफोन टांगलेले आहेत. एकटा माणूस, दुसरा शौक नाही. प्रत्येक नवा हेडफोन घेताना वाटतं, याच्यात ती ऐकू येणार नाही. येते. गाणं डाव्या कानाने ऐकायचं आणि उजव्याने शीळ — असं चाललं आहे.

पण शीळ हा माझा अपराध नाही. अपराध वेगळा आहे. त्याच्याकडे यायला मला नेहमीच वेळ लागतो.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. मी शाळेत मराठी शिकवायचो. लालबागच्या एका चाळीत मी आणि सुमन दोघंच राहत होतो. आई गेलेली, वडील गिरणी सोडून गावी परतलेले. रेडिओचा मला नाद. चोरबाजारातून मिलिटरीचा एक जुना, जड, काळा हेडफोन आणला होता. त्याची एकच बाजू चालायची, दुसरी मुकी. चालणारी बाजू मी उजव्या कानाला लावायचो — सवय. सुमन गायची. बाहेरच्या खोलीत शिकवण्यांच्या वह्या तपासताना मी तिला म्हणायचो, "एक दिवस तुझा आवाज या डबीतून येईल बघ." ती हसायची.

चाळीत माझ्या कानाची कीर्ती होती. भजनी मंडळाची पेटी कुठे बिघडली, मृदंग किती चढवायचा, सगळं मला विचारून. शेजारचे तुकारामबुवा लोकांना सांगायचे, "मास्तरांचो कान म्हंजे सोनाराचो काटो!" मी वरवर नाही नाही म्हणायचो. आतून सुखावायचो. दिसायला यथातथा, बोलायला घुमा — त्या कानाशिवाय माझ्याकडे होतं काय?

चळवळीच्या सभा व्हायच्या तेव्हा लाउडस्पीकरच्या यंत्राशी मला बसवायचे. हेडफोन लावून मी आवाज सांभाळायचो. अशाच एका सभेत कुणीतरी माइक उचलून थेट कर्ण्यासमोर धरला. जी किंकाळी उठली ती सगळ्या मैदानाने ऐकली, पण माझ्या तर ती कानाच्या आतच फुटली. लोक हसले. मीही हसलो. घरी आलो तेव्हा शीळ सुरू झाली होती.

कुणाला सांगितलं नाही. आसपासच्या चाळींतली पोरं गोळीबारात गेली होती; तिथे मी कानात शीळ वाजते म्हणून रडू? असं मी मनाला सांगायचो. खरं एवढंच, की कान गेला म्हटल्यावर मास्तर उरला नसता.

दोन-तीन महिन्यांनी सुमनला रेडिओ केंद्राचं पत्र आलं. आवाजाच्या चाचणीला बोलावलं होतं. एकोणीस वर्षांची होती. ते पत्र तिने देवाजवळ ठेवलं, मग काढून ट्रंकेत ठेवलं, मग पुन्हा देवाजवळ.

मी तिची तयारी घ्यायला लागलो — माझ्या पद्धतीने. ती आतल्या खोलीत, दार थोडं उघडं, समोर जुन्या टेलिफोनमधला माइक. मी बाहेर पेटीवर काळी चारचा सा धरून बसायचो, उजव्या कानाला हेडफोन. रेडिओवाले यंत्रातूनच ऐकणार, तर आपणही यंत्रातूनच ऐकायचं. म्हणजे पेटी डाव्या कानात आणि सुमन उजव्या. आणि रोज मला ती उतरलेली ऐकू यायची. फार नाही, केसभर. पण केसभर म्हणजे बेसूरच ना?

"वर घे."

ती घ्यायची. मग तिचं तिलाच ते चुकीचं वाटून खाली यायची.

एकदा कंटाळून आतून ओरडली, "दादा, त्या काळ्या डबीत काय मेलं घुसून बसलायस? मी इथं हाताच्या अंतरावर आहे ना रे! ये, तसंच ऐक की!"

तसंच ऐकलं तेव्हा ती मला बरोबर वाटली होती. पण मी म्हणालो, "कान माया करतो. यंत्र करत नाही."

दहा-बारा दिवसांत तिचा आवाज कापायला लागला. जो सूर तिला लहानपणापासून न शोधता सापडायचा, तो ती चाचपडत शोधू लागली.

चाचणीला चार दिवस होते. त्या दुपारी घाईत मी हेडफोन उलटा घातला. चालणारी बाजू डाव्या कानाला आली, पेटी उजव्याला. सुमनने सा लावला — आणि तो चढा. काल उतरत होता, आज चढा? तेवढाच, केसभर? मी हेडफोन काढून ठेवला. पेटीची तीच एक पट्टी दाबून धरली. डावा कान तळहाताने झाकला, मग उजवा. पुन्हा डावा. पुन्हा उजवा.

एक पट्टी, दोन सूर.

पेटी तर बदलत नव्हती.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. मलाही आलं — लगेच, सगळं. ती कधीच उतरली नव्हती. उतरला होता माझा उजवा कान; त्यात शिरणारा प्रत्येक सूर केसभर खाली येत होता. गेले दहा-बारा दिवस मी एका सुरेल मुलीला बेसूर व्हायला शिकवत होतो.

इथवर ती चूक होती. चूक कुणाचीही होते. पण मग सुमन पदराला हात पुसत दारात आली आणि तिने विचारलं, "आज कसा होता रे?"

चार दिवस होते. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "अजून खालीच आहे."

का? ती म्हणाली, "तुझा कान म्हणतोय तर असेलच." तिने देवाजवळचं पत्र घेतलं, आणि त्याच्या पाठीवर वाण्याची यादी लिहिली. गूळ, तूरडाळ, काड्यापेटी. चाचणीच्या दिवशी ती घरीच होती. मी शाळेत गेलो.

पुढच्या वर्षी लग्न होऊन ती नायगावला गेली. सणावाराला भेटायची. गायला सांगितलं की बायकांमधून उठून स्वयंपाकघरात जायची. मी तिला कधीही सांगू शकलो असतो. लालबाग ते नायगाव, अंतर ते काय? पायी अर्धा तास. इतकी वर्षं मी ते चाललो, तिच्या हातचा चहा प्यायलो आणि परत आलो.

तेराव्याला तिची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मामा, आईने आम्हाला अंगाईसुद्धा कधी म्हटली नाही. म्हणायची, माझा आवाज बेसूर आहे; माझ्या दादाने सांगितलंय, आणि दादाचा कान चुकत नाही."

मी काय केलं असेल? मान हलवली. तिला वाटलं असेल, मामाला भरून आलंय.

सुमनचा आवाज कुठेही ठेवलेला नाही. कुठल्या तबकडीवर नाही, फितीवर नाही. तो काळा हेडफोन अजून पहिल्या खुंटीला आहे. कधी कधी मी तो कशालाही न जोडता कानाला लावून बसतो. उजवीकडे शीळ असते. डावीकडे काही नसतं.

तिचा सा लागलेला होता. त्या दुपारी मला ते माहीत होतं.