आईच्या नावाचं पाणी

आमच्या सभागृहात येणारा पाहुणा आधी चपला काढतो. काढाव्या लागत नाहीत. आत साधी फरशी आहे, खुर्च्यांच्या रांगा आहेत, आम्ही सगळे बूट घालूनच वावरतो. तसं सांगितलं तरी परळ-लालबागचा माणूस म्हणतो, "असू दे हो, देवाचं आहे ना?" आणि पायरीशी चपला सोडून अनवाणी आत येतो. आत आल्यावर देव शोधतो.

समोरची भिंत मोकळी असते. मूर्ती नाही, फोटो नाही, क्रूससुद्धा नाही. पाहुणा ती भिंत बघतो, मग माझ्याकडे बघतो. मी नवा होतो तेव्हा लगेच सांगायला लागायचो, की आम्ही मॉर्मन, म्हणजे ख्रिस्तीच, येशूला मानणारे, पंथ अमेरिकेत सुरू झाला, खुर्च्या ऐंशी आहेत, प्रार्थना रविवारी असते. दिवसभर ऑफिसात हिशेब तपासणारा माणूस मी. मोकळी जागा दिसली की आकडा भरतो.

माझा जोडीदार तेव्हा मागून म्हणायचा, "अरे बाबा, देव दाखवतोस की ऑडिट करतोस?"

आमच्यात पाहुण्यांना सगळं दाखवायचं हे काम एकट्याने करत नाहीत, जोडीनेच करतात. माझा जोडीदार माहीमचा, जन्माने कॅथलिक, निवृत्त. तो पहिल्यांदा या खोलीत आला तेव्हा सगळं आयुष्य ज्या सवयीत गेलं त्या सवयीने त्याचा हात कपाळाकडे गेला. क्रूसाची खूण करायला समोर क्रूसच नाही म्हणून अर्ध्यावर थांबला. अजूनही कधीकधी थांबतो. त्याने मला एकच गोष्ट शिकवली. पाहुण्याला आत आणायचं, बसवायचं आणि गप्प राहायचं. तो विचारेल तेवढंच सांगायचं.

मला वाटलं, लोक कंटाळतील. पण बाहेर हॉर्न, टेम्पो, कुठल्यातरी मंडळाच्या ढोलाची तालीम, आणि आत चारचौघं मोकळ्या भिंतीसमोर बसलेले. एकदा मसाल्याच्या डंकावर काम करणारी बाई आली होती. तिच्या पदराला मिरचीचा खकाणा होता, जवळ बसलेले आम्ही दोघंही शिंकलो. ती मात्र हलली नाही. उठताना एवढंच म्हणाली, "बरं वाटलं. कोणी काही मागितलं नाही." मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण त्या दिवशी अंगावर काटा आला. त्या खोलीत काय आहे ते मला मोजता येत नाही, एवढं तेव्हा कळलं.

मी या पंथात आलो त्याला काही वर्षं झाली. हे सेवेचं काम यंदाच घेतलं. घरी राहून, नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार. छातीवर नावाची काळी पट्टी लावून निघालो तेव्हा बायको, जी स्वतः पंथात आलेली नाही, म्हणाली, "या वयात दुसरी नोकरी लागली, तीही बिनपगारी. आणि तिथे चहापण मिळत नाही." ते खरं आहे. चहा आम्ही सोडतो. पाहुण्यांना कोकम सरबत देतो. त्यावरून लोक नाराज होतात, तेवढे धर्मावरून होत नाहीत.

सभागृहाच्या मागच्या खोलीत बाप्तिस्म्याचा हौद आहे. चार पायऱ्या उतरून आत जायचं, पाणी कमरेच्या वर. पांढरे कपडे घातलेल्या माणसाला पूर्ण पाण्याखाली न्यायचं. दोन साक्षीदार काठावर उभे असतात. कोपर, केस, पायाचा अंगठा, काहीही वर राहिलं तर पुन्हा. हौद भरलेला असला की पाहुणे इथेच सगळ्यात जास्त वेळ थांबतात. "एवढं पाणी!" असं एक आजोबा म्हणाले होते. "आमच्याकडे सकाळी नळाला करंगळीएवढी धार येते."

याच हौदापाशी एक प्रश्न हमखास येतो, आणि तोच माझ्या घरचा होता. मेलेल्या माणसांचं काय? आम्ही मानतो, की त्यांच्यासाठीही हा विधी करता येतो. त्यांच्या नावाने एखादा जिवंत माणूस पाण्यात उतरतो. हा विधी या हौदात नाही, फक्त आमच्या मंदिरात होतो, आणि ते मुंबईपासून लांब आहे. पलीकडे गेलेल्याने तो स्वीकारायचा की नाकारायचा, ही त्याची मर्जी. नुकत्याच गेलेल्या माणसासाठी जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. पोटचा मुलगा म्हणून माझी एकट्याची सही पुरत होती. पण ती मी करत नव्हतो, कारण मुलगे आम्ही दोन.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. डिलाईल रोडच्या चाळीतली आमची खोली त्यानेच ठेवली आहे. मी मॉर्मन झालो तेव्हा तो ओरडला नाही, बोलणंही सोडलं नाही. आई गेली तेव्हा मात्र म्हणाला, "तू खांदा दे. बाकीचं मी बघतो." तेव्हापासून दर पितृपक्षात तो पाणी सोडतो आणि मी जेवायला जातो. आईच्या नावाचं दुसरं पाणी माझ्या मनात आहे, हे त्याला कसं सांगायचं ते मला सुचत नव्हतं. न सांगता करणं मला जमणार नव्हतं. आणि केलंच नाही तर आईला माझ्याकडचं सगळ्यात मोलाचं देणं राहून जाईल, असं वाटायचं.

एका शनिवारी दुपारी दादा स्वतःच आला. पायरीशी चपला काढल्या. त्या दिवशी संध्याकाळी एकाचा बाप्तिस्मा होता, म्हणून हौद भरलेला होता. मोकळ्या भिंतीसमोर दादा बसला, मी बाजूला. पहिल्यांदाच मला गप्प राहण्याचा त्रास झाला नाही, कारण काय बोलावं ते माहीतच नव्हतं.

"गणपतीत कधी एवढं शांत बसलो नाही," तो म्हणाला. मग उठून, "तो हौद दाखव."

जोडीदार आमच्याबरोबर आला, पण दारापाशीच थांबला.

दादा काठावर उभा राहून म्हणाला, "चाळीत कोणीतरी सांगितलं, हे लोक मेलेल्यांना पण बुडवतात. आईला बुडवलंस?"

"नाही."

"बुडवणार आहेस?"

"मनात आहे. नियमाने माझी सही पुरते. पण तुला विचारल्याशिवाय करणार नाही."

"पाण्यात तू उतरणार?"

"नाही. बाईसाठी बाई उतरते. आमच्यातलीच कोणीतरी."

"म्हणजे परकी." त्याने पाण्याकडे बघितलं. "आणि आई नको म्हणाली तर?"

"तर नाही. तिच्यावर सक्ती नाही. ती तिकडूनही नाही म्हणू शकते."

दादा हसला. आई गेल्यापासून असा हसलेला मी बघितला नव्हता. "आपली आई? ती कधी कोणाला नाही म्हणाली रे? बोहारणीला नाही म्हणता आलं नाही तिला. माझी नवी पँट देऊन एक पातेलं घेतलं होतं. चेपलेलं!"

मीही हसलो. पण ते बोलणं मला बरोबर लागलं. तिला नकाराची मोकळीक आहे, या एका वाक्यावर मी सगळा हिशेब बसवला होता, आणि तेच वाक्य आमच्या आईला लागू नव्हतं.

मग दादा खाली वाकला. ओंजळ बुडवून वर काढली आणि अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी परत हौदात सोडलं. पितरांना सोडतात तसं. त्याने आईचं नाव घेतलं, मग आजीचं, मग पणजीचं. त्यानंतर आईच्या माहेरच्या बाजूची नावं. पणजीचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. प्रत्येक नावाला एक ओंजळ. खोलीत फक्त पाणी पडल्याचा आवाज होता. त्याला थांबवावं, हा हौद त्यासाठी नाही असं सांगावं, हे मला सुचलंसुद्धा नाही. दाराकडे बघितलं तर जोडीदाराचा हात कपाळाकडे गेला होता. या वेळी तो अर्ध्यावर थांबला नाही.

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. माझ्यासारख्याने बघितलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दादा हात झटकत उभा राहिला. "मी आहे तोवर नको करूस," तो म्हणाला. "मी तिला पाणी देतोय, तेवढं पुरे आहे. माझ्यामागे कर. आणि माझंही कर. तिच्याबरोबरच."

मला कळलंच नाही. "तुझं?"

"मग? नवीन जागी ती एकटी जाते का कधी? चौपाटीवर विसर्जनाला माझा हात धरल्याशिवाय पाण्यात पाय नाही टाकायची. परक्या बाईबरोबर पाठवतोस तिला!"

मी मान हलवली. मी एका सहीसाठी अडलो होतो, आणि ज्याचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नाही तो माणूस आईच्या सोबतीला म्हणून माझ्या देवाच्या पाण्यात उतरायला तयार होता.

बाहेर त्याने सरबत घेतलं आणि म्हणाला, "चहा असता तर बरं झालं असतं." चपला घातल्या. "पितृपक्षात जेवायला ये. वड्यांना उशीर करू नकोस, गार होतात."

संध्याकाळच्या बाप्तिस्म्याला मी साक्षीदार होतो. पहिल्यांदा त्या माणसाचं कोपर वर राहिलं, मी तसं सांगितलं, तेव्हा त्याला पुन्हा खाली नेलं. तो पाण्यातून वर आला तेव्हा माझी नजर हौदाच्या काठावर गेली. दादाच्या ओंजळीतून तिथे सांडलेलं पाणी वाळून गेलं होतं.

आता रोजच्या प्रार्थनेत मी आईचं नाव घेतो, पणजीचंही घेतो. आणि आईच्या नावाच्या त्या पाण्याला देवाने खूप खूप उशीर लावावा, असं मागतो.